शोधू नका

९ जानेवारी, गुरुवार

पोलीस ठाण्यातले अधिकारी म्हणाले, "बाई, आठवेल ते सगळं लिहून ठेवा. आज फालतू वाटतं तेच उद्या उपयोगी पडतं." म्हणून ही वही. एकतीस वर्षं मी छापखान्यासाठी प्रुफं तपासते आहे. दुसऱ्यांच्या काना-मात्रा दुरुस्त करण्यात जन्म गेला, स्वतःचं असं किराण्याच्या यादीपलीकडे काही लिहिलं नाही.

तर आठवतं ते असं. परवा, मंगळवारी, भुंगी सकाळी पावणेसातला घरातून गेली. भुंगी म्हणजे माझी धाकटी. वय एकोणतीस. लहानपणी सारखी गुणगुणायची म्हणून तिच्या बाबांनी ठेवलेलं नाव. ते गेले, नाव राहिलं. रक्त तपासणाऱ्या एका लॅबमध्ये ती काम करते. ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा आजारी माणसांच्या घरी जाऊन नमुने घेऊन येते. अंगावर निळा स्वेटर, करडी पँट, पायांत पांढरे कॅनव्हासचे बूट. खांद्याला नमुन्यांची पेटी.

लॅबवाले म्हणतात, त्या दिवशी चार घरं होती. तीन झाली. तिसऱ्या घरातल्या आजोबांनी सांगितलं की मुलगी हसतमुख होती, सुई टोचलेली कळलीसुद्धा नाही. चौथा पेशंट नवा होता, त्याच सकाळी फोन करून नाव नोंदवलेला. तिसरा मजला. तिथे ती पोचली की नाही ते कुणाला माहीत नाही. नऊ वाजून वीस मिनिटांपासून फोन बंद आहे.

"जाताना काही बोलली का?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"नाही. नेहमीसारखी गेली," मी म्हटलं.

हे खरं नाही. पण ते आज लिहवत नाही.

१० जानेवारी, शुक्रवार

थोरला आला. दुसऱ्या गावी शाळेत शिकवतो, रजा टाकून आला. आम्ही दोघं पोलिसांबरोबर त्या चौथ्या पत्त्यावर गेलो. चार मजली इमारत, निम्म्याहून जास्त घरं रिकामी. तिसऱ्या मजल्यावरच्या दाराला कुलूप. अशा रिकाम्या घरांच्या किल्ल्या सांभाळणारा, भाडेकरूंना घरं दाखवणारा एक माणूस आहे. त्याला बोलावलं. पंचेचाळिशीचा असेल, स्वच्छ कपडे, बोलणं मऊ. कमरेला किल्ल्यांचा एवढा मोठा जुडगा. त्याने दार उघडलं. आत काही म्हणजे काही नव्हतं. फरशी नुकती पुसलेली, अजून ओलसर होती. "परवा भाडेकरू बघायला येणार आहेत," तो म्हणाला. चार महिने घर बंदच होतं म्हणे. कुणीतरी उगीच खोटा पत्ता दिला असणार.

मी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिले. त्याने खालून खुर्ची आणली, पाणी दिलं. "मावशी, जिवाला लावून घेऊ नका. हल्लीच्या मुली जातात निघून, मग कळवतात आठवड्याभराने. माझ्या बहिणीच्या मुलीने असंच केलं होतं."

एवढ्या सगळ्यांत धीर देणारा हाच एक भेटला. पोलीस तर नुसते मोजमाप घेत होते.

थोरल्याने रस्त्याच्या दोन्ही बाजूंना तिचा फोटो चिकटवला. फोटोत ती डोळे मिचकावते आहे. दुसरा कुठला फोटो मिळेना, सगळ्यांत तिचं तेच.

१३ जानेवारी, सोमवार

आता लिहिते. ही वही कुणी वाचणार नाही, पोलिसांनी वही मागितली तर हे पान फाडून टाकून मग देईन.

भुंगीला नोकरीचं पत्र आलं होतं. दुसऱ्या शहरातल्या मोठ्या इस्पितळातून. पत्र माझ्या हाती पडलं. दहा दिवसांत होकार कळवा, असं होतं त्यात. मी ते शब्दकोशात ठेवून दिलं. फाडलं नाही, जाळलं नाही, फक्त ठेवलं. मनाशी म्हटलं, उद्या देते. नऊ दिवस रोज हेच म्हटलं. थोरला गेला, तिचे बाबा गेले, आता हीही गेली तर या घरात मी आणि प्रुफांचे गठ्ठे. हे कारण आहे का? कारण नाही हे. पण दुसरं सांगता येत नाही.

ती गेली त्याच्या आदल्या दिवशी, सोमवारी दुपारी, तिला तिकडून फोन आला की तुमचं उत्तर नाही, जागा दुसऱ्याला देतो आहोत. संध्याकाळी तिने मला विचारलं. मी शब्दकोश उघडून पत्र दिलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. जेवली नाही. सकाळी चहा न घेता बूट घातले आणि दारात म्हणाली, "आई, मी काय तुझं प्रूफ आहे का गं, दिसेल तिथे काट मारायला?"

मी कपात साखर ढवळत होते.

ती गेली ती माझ्यामुळे. हे मला माहीत आहे. पोलिसांना माहीत नाही, थोरल्याला नाही. किडनॅप नाही, अपघात नाही. रागावून गेली आहे. म्हणजे जिवंत आहे. किती नीच विचार आहे हा, पण दिवसभर मी तोच धरून बसते.

१४ जानेवारी, मंगळवार

आला! सकाळी अकरा वाजून पाच मिनिटांनी, तिच्याच फोनवरून:

"आई, मी ठीक आहे. मी माझ्या ईच्छेने गेले आहे. मला शोधू नका. काळजि करू नका."

मी स्वयंपाकघरात खाली बसले. भाजी करपली, करपू दे. पन्नास वेळा वाचला असेल. सवयीने नजर आधी त्या दीर्घ 'ई'वर गेली, मग 'काळजि'वर. हसूच आलं. प्रुफं तपासणाऱ्या बाईची लेक आणि चार वाक्यांत दोन चुका! हात कापत असतील तिचे. एरवी तिचे मेसेज म्हणजे 'उशीर होईल जेवून घे वाट बघू नको', सगळं एका दमात, पूर्णविराम औषधाला नाही. आज प्रत्येक वाक्याला पूर्णविराम. म्हणजे राग अजून आहे. आणि 'नकोस' नाही, 'नका'. मला आणि थोरल्याला मिळून लिहिलं असणार. की मला परकी केली?

केली तर केली. ठीक आहे ना ती? मला बाकी काही नको.

लगेच फोन लावला. बंद.

१५ जानेवारी, बुधवार

ठाण्यात जाऊन मेसेज दाखवला. आज पत्राचंही सांगितलं. अधिकाऱ्यांनी मान अशी हलवली की जणू अडलेलं गणित सुटलं. "हे आधी सांगायचं ना बाई. सज्ञान मुलगी आहे. स्वतःच्या मर्जीने गेली असेल तर आम्ही काय करणार?" मग म्हणाले, "राग निवळला की येईल. माझीही मोठी आहे, मला विचारा."

तक्रार मागे घेतल्याच्या कागदावर सही केली. कागदात 'स्वखुशीने' शब्द होता, तो चुकीचा छापला होता. मी दुरुस्त करून दिला.

१८ जानेवारी, शनिवार

ती दिवसातून एकदा फोन चालू करते, दोन-तीन मिनिटं. तेवढ्यात मी लिहिलेलं सगळं तिला पोचत असेल. मी रोज लिहिते. पत्राबद्दल माफी मागितली, अगदी मोकळी होऊन. कधी तोंडाने बोलता आलं नसतं ते सगळं लिहिलं. तिचे बाबा गेले तेव्हा मी तिला रडू दिलं नव्हतं, तेही लिहिलं.

उत्तर आलं: "ठीक आहे आई. माफ केले."

किती वेळ रडले.

नंतर तिने विचारलं, "पोलिसांना काय सांगितले." मी लिहिलं, तक्रार मागे घेतली गं, पत्राचंही सांगून टाकलं, आता कुणी तुझ्या मागे नाही, निवांत राहा. त्यावर: "छान केले."

२४ जानेवारी, शुक्रवार

आज मेसेज नाही. छापखान्यातून इयत्ता चौथीच्या पुस्तकाची प्रुफं आली आहेत. मालक म्हणाले, घाई नाही. कामाला बसले तर एक पान तीनदा वाचलं, हाती काही लागलं नाही.

२ फेब्रुवारी, रविवार

थोरला आला होता. भांडून गेला.

"आई, ती बोलत का नाही? एकदा आवाज ऐकव म्हणावं. एक मिनिट."

मी तिला तसं लिहिलं होतंच. तिने उत्तर दिलं होतं, "आवाज बसला आहे." मी लिहिलं होतं, कोमट पाण्यात मीठ घालून गुळण्या कर, थंड पिऊ नकोस.

थोरल्याने माझा फोन घेऊन ते वाचलं. मग म्हणाला, "महिना होत आला. आवाज बसलाय? कपडे नेले नाहीत, कागदपत्रं नेली नाहीत. त्या इस्पितळात मी चौकशी केली, तिथे ती नाही. कुठे आहे मग?"

"तुला ती सापडायला नकोच आहे," मी म्हटलं. कुठून आलं तोंडात कोण जाणे. "तिने मला माफ केलंय. तुला बघवत नाही ते."

त्याने बूट घातले. दारात वळून म्हणाला, "मी उद्या परत ठाण्यात जातो." मी म्हटलं, गेलास तर या घरात पाऊल टाकू नकोस. सगळे माझ्याशी दारातच का बोलतात?

तो गेला की नाही ते विचारलं नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

पेपरात बातमी आहे. पडदे शिवणारी एक बाई काल सकाळपासून सापडत नाही. खिडक्यांची मापं घ्यायला कुणाच्या तरी घरी गेली होती. वय चौतीस, नवरा बसचा ड्रायव्हर.

त्या घरी आज काय चाललं असेल ते माझ्याइतकं कुणाला माहीत? वाटलं, जाऊन त्या नवऱ्याला सांगावं, धीर धरा, मेसेज येईल. माझ्या मुलीचा आला तसा.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

हात चालत नाही. तरी लिहिते.

सकाळी दहाला एक अधिकारी बाई आल्या. ठाण्यातल्या नव्हेत, वरून आलेल्या. थोरला बरोबर होता. तो त्या दिवशी खरंच ठाण्यात गेला होता, तिथे कुणी ऐकलं नाही तेव्हा यांच्या कार्यालयापर्यंत पोचला. घरात पाऊल टाकू का, असं तो दारात विचारत होता. माझा मुलगा.

अधिकारी बाई खुर्चीत बसल्या, पाणी मागून घेतलं, आणि म्हणाल्या, "तुम्ही प्रुफं तपासता असं कळलं. मला जरा मदत हवी आहे." एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर एक मेसेज उतरवलेला होता:

"मी ठीक आहे. मी माझ्या ईच्छेने जात आहे. मला शोधू नका. काळजि करू नका."

"हा माझ्या मुलीचा आहे," मी म्हटलं. "पण 'गेले' होतं, 'जात' नाही."

"तुमच्या मुलीचा नाही, ताई," त्या म्हणाल्या. "पडदे शिवणाऱ्या बाईच्या फोनवरून काल तिच्या नवऱ्याला आला. तो म्हणाला, माझी बायको मला जन्मात 'नका' म्हणालेली नाही, हा मेसेज तिचा असूच शकत नाही. तासाभरात तो आमच्याकडे होता."

मग त्यांनी कागद माझ्याजवळ सरकवला. मला वाचू दिलं.

दीर्घ 'ई'. ऱ्हस्व 'जि'. पूर्णविराम. नका.

मला दिसलं होतं. सगळं पहिल्या दिवशी दिसलं होतं. एकतीस वर्षं ज्या डोळ्यांवर पोट भरलं त्या डोळ्यांनी मी ते बघितलं आणि हसले. आणि मग महिनाभर मी कुणाला लिहीत होते? तिचे बाबा गेल्याचं कुणाला सांगितलं? गुळण्या कर म्हणून कुणाला?

थोरल्याने मला धरलं. किती वेळ धरून होता माहीत नाही. अधिकारी बाई तशाच बसून होत्या. शेवटी मी विचारलं, "माझी मुलगी?"

"मी खोटं बोलणार नाही. आशा फार कमी आहे," त्या म्हणाल्या. "पण ही दुसरी बाई तीनच दिवसांपूर्वी गेली आहे. ती जिवंत असू शकेल. तुमच्या मुलीचा फोन तो दोन-तीन मिनिटं चालू करतो आणि बंद करतो, तेवढ्यात जागा नीट कळत नाही. त्याला वीस-पंचवीस मिनिटं फोन चालू ठेवायला लावेल असं माणूस एकच आहे." आणि माझ्याकडे बघितलं.

मी म्हटलं, "मी आजपर्यंत लिहीत होते तसंच लिहू?"

"अगदी तसंच."

१५ फेब्रुवारी, शनिवार

दोन दिवस झाले. अधिकारी बाई आणि एक तंत्रज्ञ सकाळी येतात, संध्याकाळपर्यंत बसतात. मी लिहून ठेवलं आहे: "बाळा, पोलीस परत घरी आले होते. तुझ्याबद्दल विचारत होते. मी काय सांगू? मला भीती वाटते." उत्तर नाही.

थोरला चहा करतो. वाईट करतो. सगळे पितात.

१६ फेब्रुवारी, रविवार

दहा चाळीसला आलं.

"काय विचारले."

अधिकारी बाई माझ्या उजव्या बाजूला बसल्या होत्या. तंत्रज्ञाने हात वर केला, म्हणजे तिकडचा फोन चालू आहे. मी लिहिलं, खूप विचारलं गं, सगळं सांगते, फोन बंद करू नकोस, माझी बोटं सावकाश चालतात.

मग मी सावकाश लिहिलं. एकेक वाक्य. पोलिसांनी तुझी खोली बघितली. वह्या बघितल्या. तू कुठे असशील ते विचारलं. तो मध्ये मध्ये लिहायचा, "मग." "अजून काय." "मेसेजचे सांगू नका." पोलिसांना काय सांगायचं ते तो मला शिकवू लागला. सांगा की मी मैत्रिणीकडे आहे. सांगा की लग्न केले. मी म्हणायचे, थांब हं, पुन्हा सांग, विसरायला होतं.

बारा मिनिटं झाली तेव्हा सांगण्यासारखं काही उरलं नाही. तंत्रज्ञ बोटं फिरवत होता, अजून, अजून. मी लिहिलं, "तू सात वर्षांची असताना जिन्यावरून पडलीस, हनुवटीला टाके पडले, आठवतं का गं? तेव्हासारखं वाटतंय मला आज."

"हो आई. आठवते. खूप दुखले होते."

भुंगी कधी जिन्यावरून पडली नाही. टाके थोरल्याला पडले होते, तो माझ्या मागेच उभा होता. मला सगळं माहीत होतं, कोण लिहितं आहे तेही. तरी एक क्षण, एकच क्षण, मला वाटलं, दुखलं असेल गं माझ्या बाळाला. आणि त्या क्षणी मला स्वतःची इतकी शिसारी आली की बोटं थांबली. अधिकारी बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. मी पुढे लिहिलं.

सत्तावीस मिनिटं. मग तंत्रज्ञाने एक पत्ता मोठ्याने वाचला आणि बाई फोन कानाला लावून जिन्याकडे धावल्या.

दीड वाजता त्यांचा फोन आला. पडदे शिवणारी बाई सापडली. अशाच एका रिकाम्या इमारतीत, चौथ्या मजल्यावर, आतल्या खोलीत. हात बांधलेले. तापाने फणफणलेली. पण जिवंत आहे, इस्पितळात नेलं.

तो माणूस तिथेच सापडला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा.

मी त्याच्या हातचं पाणी प्यायले होते.

१७ फेब्रुवारी, सोमवार

भुंगी त्या पहिल्या इमारतीच्या तळघरात सापडली. मी तिसऱ्या मजल्यावर खुर्चीत बसले होते तेव्हा ती खाली होती. पहिल्याच दिवशी, मंगळवारीच गेली होती, असं डॉक्टर सांगतात. अधिकारी बाईंनी हे मला दोनदा सांगितलं. पहिल्याच दिवशी. तुम्ही काहीही केलं असतंत तरी. त्यांना वाटतं, त्याने मला हलकं वाटेल.

ओळख पटवायला थोरला आत गेला. मला फक्त वस्तू दाखवल्या. बूट, स्वेटर, पेटी. पेटीत त्या सकाळचे तीन नमुने होते, नीट लावलेले, तिच्या अक्षरात नावं. सगळी बिनचूक.

२० फेब्रुवारी, गुरुवार

तिला निरोप दिला. लॅबमधल्या मुली आल्या होत्या. तिसऱ्या घरातले आजोबा चाकाच्या खुर्चीतून आले.

थोरल्याने रजा वाढवली आहे. आम्ही फार बोलत नाही. काल त्याने माझ्या केसांना तेल लावून दिलं. लहानपणी त्याला या कामाचा किती कंटाळा होता.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

पडदे शिवणाऱ्या बाईचा नवरा आला होता. ड्रायव्हरचाच पोशाख, ड्यूटी संपवून थेट. टोपी हातात धरून बसला. "तुम्ही त्या दिवशी लिहीत राहिलात म्हणून माझी बायको घरी आली," म्हणाला. आणि रडायला लागला.

गप्प बसता आलं असतं. थोरला डोळ्यांनी मला तेच सांगत होता. पण मी पत्राच्या वेळी गप्प बसले, ठाण्यात गप्प बसले. मी सांगितलं. "पंधरा जानेवारीला मी तक्रार मागे घेतली. मेसेज खोटा आहे हे मला ओळखू यायला हवं होतं, तुम्हाला आलं तसं. मी तेव्हाच ओळखलं असतं तर तो माणूस तेव्हाच सापडला असता. तुमच्या बायकोला हात लागला नसता."

त्याने कप खाली ठेवला, टोपी घातली, आणि गेला. निरोपाचं काही बोलला नाही. मला वाटलं होतं, 'असं म्हणू नका' वगैरे काहीतरी म्हणेल. नाही म्हणाला. बरोबर केलं त्याने.

३ मार्च, सोमवार

अधिकारी बाई आल्या होत्या. आता वर्दीत येत नाहीत. त्या माणसाकडे तीन फोन सापडले. एक भुंगीचा, एक त्या बाईचा. तिसरा एका नर्सचा. घरोघरी जाऊन रुग्णांची सेवा करायची. चौदा महिन्यांपूर्वी गेली. तिची कुणी तक्रारच केली नव्हती, कारण घरी तिचे एकटे वडील, आणि त्यांना चौदा महिने मेसेज येत होते. मुलगी परदेशात नोकरीला आहे, अशी त्यांची समजूत आहे.

ती कुठे आहे ते त्याने परवा सांगितलं. सापडली.

"गुरुवारी मला जाऊन त्यांना सांगायचं आहे," बाई म्हणाल्या. "वीस वर्षांत अशी किती दारं वाजवली. हे दार वाजवायला पाय उचलत नाही."

मी म्हटलं, "मी येते."

त्या नको म्हणाल्या नाहीत. मला वाटतं, त्यासाठीच आल्या होत्या.

६ मार्च, गुरुवार

घर दुसऱ्या मजल्यावर. दारावर पितळी पाटी, घासून लखलखीत. एका ताटलीत पक्ष्यांसाठी पाणी. दुपारी चारला बेल वाजवली.

दार उघडणारे गृहस्थ पंच्याहत्तरीचे. अंगात इस्त्रीचा सदरा. बाईंनी ओळखपत्र दाखवलं तरी ते माझ्याकडेच बघत होते. "या, या. बसा. पंखा लावू का?" घर नीटनेटकं होतं. टेबलावर फोन, त्याच्याखाली घडी घातलेला रुमाल. फोनला ओरखडा पडू नये म्हणून असेल.

बाई सुरुवात करणार इतक्यात तेच म्हणाले, "मुलीबद्दल आहे ना? तीन आठवडे झाले, मेसेज नाही. एरवी आठवड्याला दोन तरी येतात."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या बाजूच्या खुर्चीत जाऊन बसले. वाटेत बोलायचं सगळं ठरवून आले होते. त्यातलं एक वाक्य आठवेना. मी म्हटलं, "मलाही यायचे. माझ्या मुलीच्या फोनवरून. यंदा जानेवारीपासून महिनाभर आले. ते मेसेज माझी मुलगी लिहीत नव्हती."

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं.

"ती गेली होती. पहिल्याच दिवशी," मी म्हटलं. "तुमची पण. माणूस एकच."

त्यांनी फोनखालचा रुमाल ओढून घेतला, उलगडला, परत घडी घातली. घडी सरळ येईना. मग म्हणाले, "मला माहीत होतं हो."

अधिकारी बाई पुढे झुकल्या.

"पहिल्या पंधरा दिवसांतच कळलं होतं. माझ्या मुलीचं बोलणं मला कळणार नाही का? माझ्या गुडघ्यांची चौकशी केल्याशिवाय तिचा एक फोन जात नव्हता. यात गुडघ्यांचं कधी आलंच नाही." त्यांनी रुमालाची घडी परत मोडली. "पोलिसांकडे जायचं मनात यायचं. चप्पल घालायचो, काढायचो. गेलो की ती मेली. नाही गेलो तोवर कुणीतरी 'बाबा' म्हणत होतं."

मग एकदम माझ्याकडे वळले. "मी गेलो असतो तर तुमची वाचली असती?"

बाई म्हणाल्या, "आजोबा, तसं काही..." पण ते माझ्याचकडे बघत होते. त्या ड्रायव्हरसमोर मी बसले होते तसेच ते माझ्यासमोर बसले होते. खोटं बोलता येईना. मी म्हटलं, "कदाचित." आणि उठून गेले नाही. उठावंसं वाटलं, पण नाही गेले. त्यांचा हात रुमालावर होता, त्यावर मी हात ठेवला. हाताला धुतलेल्या भांड्यांच्या साबणाचा वास येत होता.

ते रडले. म्हातारी माणसं रडतात तसे, आवाज न करता. आम्ही बसून होतो. बाईंनी कधीतरी उठून पंखा लावला.

बऱ्याच वेळाने त्यांनी डोळे पुसले, चष्मा नीट केला. दोन महिने मला सगळे विचारत आहेत, केव्हा गेली, काय घातलं होतं, शेवटी काय म्हणाली, फोन कधी बंद झाला. या माणसाने विचारलं, "तुमची कशी होती हो?"

मी म्हटलं, खोडकर होती. फोटो काढताना डोळे मिचकवायची. रागावली की ओरडायची नाही. मग पुढे बोलत गेले. ते ऐकत होते, मध्येच म्हणायचे, "हो? माझीपण." अधिकारी बाईंनी वही पिशवीत ठेवून दिली.